'रॅकेट'चं काय करायचं? इंग्रजी बोलायला नव्याने सुरुवात केलेल्यांसाठी

उदगीरहून पुण्यात आलो तेव्हा नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहायचो आणि खराडीच्या एका कंपनीत परदेशी ग्राहकांचे फोन घ्यायचो. तिसऱ्याच आठवड्यात इंग्लंडमधल्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मागे ड्रिलची घरघर, हातोड्याचे ठोके, कुणीतरी पत्रा टाकल्यासारखा आवाज. बाई म्हणाल्या, 'सॉरी अबाउट द रॅकेट. वी हॅव गॉट द बिल्डर्स इन.'

आता मराठी पेपर वाचत मोठ्या झालेल्या माणसाने 'बिल्डर' आणि 'रॅकेट' हे दोन शब्द एका दमात ऐकले तर त्याच्या डोक्यात काय येणार? बनावट सातबारा, एकच फ्लॅट चौघांना विकलेला, गावाकडची जमीन विकून पैसे भरलेलं म्हातारं जोडपं. माझा जीव कळवळला. मी म्हणालो, 'आय ॲम सो सॉरी टु हिअर दॅट, मॅडम. हॅव यू गॉन टु द पोलीस?'

पलीकडे दोन-तीन सेकंद नुसती ड्रिल. मग बाई खो-खो हसायला लागल्या. माझा फोन ऐकत बसलेल्या टीम लीडने हेडफोन काढला आणि कपाळ टेबलावर टेकवलं.

झालं होतं एवढंच, की बाईंच्या घरात गवंड्यांचं काम चालू होतं. इंग्लंडमध्ये 'बिल्डर' म्हणजे हातात थापी असलेला माणूस, पांढरी गाडी असलेला नव्हे. आणि 'रॅकेट' म्हणजे त्याची आदळआपट.

तेव्हापासून या एका शब्दाच्या मागे लागलो. लातूर, नांदेड, बीडकडून येणारी आमची पोरं दरवर्षी हीच ठेच खातात. इंग्रजी न येणाऱ्यांना यात काही धोका नाही. थोडं येणारे फसतात, कारण शब्द ओळखीचा वाटतो आणि आपण कोश उघडतच नाही.

जवळ काय काय हवं

- इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. अप्पा बळवंत चौकात नवा मिळतो, जुनाही मिळतो. जुना घ्या, शब्दांचे अर्थ पाच वर्षांत शिळे होत नाहीत.
- एक लांबोडकी वही, पानावर उभे चार रकाने आखलेली. रकान्यांत काय भरायचं ते शेवटी सांगतो.
- उच्चार ऐकवणारं कुठलंही मोबाइल ॲप.
- रोजचा मराठी पेपर. हो, मराठीच.

खिशात मावणारा इंग्रजी-मराठी कोश असेल तर असू द्या, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. त्यात अर्थ स्वल्पविराम टाकून एकामागोमाग एक दिलेले असतात. कुठला अर्थ कुठे चालतो ते नसतं. मी पहिला अर्थ वाचून पुस्तक मिटायचो. तिथेच सगळा घोळ.

1. तीन अर्थ तीन वेगळ्या खुंट्यांना टांगा

इंग्रजीत 'रॅकेट' हा एकच शब्द तीन कामं करतो.

पहिलं काम खेळाचं. बॅडमिंटनची, टेनिसची रॅकेट. हा शब्द फ्रेंचमधून आला. त्याच्याही मागे अरबीतला तळहात या अर्थाचा शब्द असावा असं बरेच जण सांगतात, सगळ्यांना ते मान्य नाही. पण टेनिसचा जुना फ्रेंच अवतार सुरुवातीला तळहातानेच खेळायचे आणि त्याचं नावही 'तळहाताचा खेळ' असंच होतं, म्हणून मला ते पटतं. या अर्थाने इंग्रज लोक कधीकधी स्पेलिंगही वेगळं करतात, 'सी-के'च्या जागी 'सी-क्यू-यू'. पुण्यात राहून ही रॅकेट परकी वाटू देऊ नका. इथल्या छावणीतले गोरे अधिकारी बॅडमिंटन खेळायचे तेव्हा त्या खेळालाच 'पूना' म्हणत.

दुसरं काम लबाडीचं. बेकायदा पैसे कमावण्याची संघटित पद्धत. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती, त्या काळात टोळ्या माजल्या आणि 'रॅकेटिअर', म्हणजे रॅकेट चालवणारा, हा शब्द तोंडी बसला. पुढे 1970 मध्ये तिथे संघटित गुन्हेगारीविरुद्ध रिको कायदा झाला, त्यातलं पहिलं अक्षर या रॅकेटिअरचंच. आपल्याकडे त्याच जातीचा मोक्का 1999 मध्ये आला.

तिसरं काम गोंगाटाचं. हा अर्थ सोळाव्या शतकापासून इंग्रजीत आहे. उगम नक्की नाही, पण आवाजावरूनच शब्द पडला असावा असं मानतात, जसा आपला खडखडाट.

यातले दोन अर्थ मराठीने उचलले, तिसरा उचलला नाही. का उचलेल? गोंगाट, गलका, गलबला, कल्ला, कालवा, धिंगाणा, धुडगूस, गदारोळ, हलकल्लोळ, कलकलाट, दणदणाट. घरात इतकी भांडी असताना शेजारून पातेलं कोण मागतं? म्हणून तिसरा अर्थ आपल्या कानावर कधी पडतच नाही.

जे दोन उचलले त्यांचं मात्र मराठीने फार छान केलं. ऐका:

*ती* रॅकेट तुटली.
*ते* रॅकेट उघडकीस आलं.

खेळाची रॅकेट स्त्रीलिंगी, लबाडीचं रॅकेट नपुंसकलिंगी. कुणी ठरवलं नाही, कुठल्या समितीची बैठक झाली नाही, पण उदगीरपासून पुण्यापर्यंत सगळे असंच बोलतात. 'पोलिसांनी ती रॅकेट पकडली' म्हणालात तर लोक विचारतील, कुणाची, पोराची? इंग्रजीत लिंगाची ही सोय नाही. तिथे खूण दुसरीकडे असते, ती तिसऱ्या पायरीत.

2. उच्चार

यात वेळ घालवू नका. पहिल्या अक्षरावर जोर, पुढचं तोकडं. इंग्रज माणूस 'रॅकिट'च्या जवळचं काहीतरी म्हणतो. 'ॅ' ही चंद्रखूण आपल्या लिपीत आहे, त्यामुळे निम्मं काम झालेलंच आहे. फक्त घाईत 'रॉकेट' होऊ देऊ नका. 'देअर वॉज अ रॉकेट अपस्टेअर्स' असं घरमालकाला सांगितलंत तर तो अग्निशमन दलाला फोन लावेल.

3. नाम सोडा, क्रियापद बघा

मराठीत जे काम 'ती' आणि 'ते' करतात, ते इंग्रजीत शेजारचं क्रियापद करतं. पूर्ण लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

'मेक' दिसलं की गोंगाट. 'द किड्स आर मेकिंग अ टेरिबल रॅकेट', पोरांनी नुसता धिंगाणा घातलाय. 'किक अप अ रॅकेट' म्हणजे आरडाओरडा करून घर डोक्यावर घेणं. 'स्टॉप दॅट रॅकेट!' म्हणजे बंद करा तो कालवा. 'आय कान्ट हिअर यू ओव्हर द रॅकेट' हे वाक्य फोनवर काम करणाऱ्यांनी पाठच करावं, पुण्यात रोज लागतं.

'रन' दिसलं की लबाडी. 'रन अ रॅकेट', रॅकेट चालवणं. 'बस्ट अ रॅकेट', उघडकीस आणणं. बऱ्याचदा आधी दुसरं नाम चिकटलेलं असतं, ते कशाचं रॅकेट ते सांगतं. 'प्रोटेक्शन रॅकेट' पाहून संरक्षण खातं डोळ्यांसमोर आणू नका. दुकानदाराला 'तुमच्या काचा फुटू नयेत म्हणून' दर महिन्याला पैसे द्यायला लावणं, म्हणजे आपली हप्तावसुली.

'होल्ड', 'स्विंग', 'स्ट्रिंग' दिसलं की खेळ. आपण ज्याला गटिंग करून घेणं म्हणतो त्याला तिकडे 'री-स्ट्रिंग' म्हणतात.

क्रियापद चुकलं तर काय होतं, तेही सांगतो. पहिली ठेच लागून वर्ष झालं होतं, आणि आता आपल्याला हा शब्द येतो अशी माझी खात्री होती. गणपतीच्या आधीचे दिवस. ऑफिसशेजारच्या मोकळ्या जागेत ढोल-ताशाचा सराव सुरू झाला. संध्याकाळचे फोन नीट ऐकू येईनात, म्हणून मी परदेशातल्या मॅनेजरला मेल लिहिला. 'प्लीज एक्स्क्यूज अस, देअर इज अ बिग रॅकेट रनिंग नेक्स्ट टु अवर ऑफिस एव्हरी इव्हनिंग.' मराठीत आपण म्हणतो ना, गोंगाट 'चालू' आहे. मी चालू म्हणून 'रनिंग' टाकलं.

अर्ध्या तासात दोन ओळींचं उत्तर आलं. पोलिसांना माहीत आहे का, आणि आमच्या ग्राहकांची माहिती सुरक्षित आहे ना? त्यात आमच्या साहेबांनाही घेतलेलं होतं, त्यांच्या साहेबांनाही. पुढची दुपार मी ढोल म्हणजे काय हे इंग्रजीत समजावण्यात घालवली.

'रनिंग'च्या जागी 'गोइंग ऑन' असतं तर थोडं निभावलं असतं. 'द ड्रमर्स नेक्स्ट डोअर आर मेकिंग अ रॅकेट' लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता.

एक फुटकळ वापरही सांगून टाकतो. कुणी हसत हसत 'सो व्हॉट्स युअर रॅकेट?' विचारलं तर घाबरू नका. काय धंदा करतोस, एवढंच विचारतोय. सगळेच धंदे थोडे लबाडीचे, हे त्यामागचं गृहीतक.

4. छोटा 'अ' गाळू नका

मराठीत 'गोंगाट होता' म्हणतो, 'एक गोंगाट होता' म्हणत नाही. म्हणून आपण इंग्रजीतही 'देअर वॉज रॅकेट' म्हणून मोकळे होतो. चूक. 'देअर वॉज अ रॅकेट'. शिकणाऱ्यांच्या कोशात गोंगाटाच्या अर्थापुढे एकवचनाची खूण असते, ती याचसाठी. 'अ', 'द' किंवा 'दॅट' यातलं काहीतरी पुढे हवंच. आणि अनेकवचन करू नका. 'टू रॅकेट्स' म्हटलं की ऐकणारा एक तर कोर्टवर जातो, नाही तर चौकीवर.

5. हा शब्द तक्रारीचा आहे, कौतुकाचा नाही

कोशात 'मोठा आवाज' एवढंच वाचून हा शब्द वापरणारे इथे अडकतात. बोलणाऱ्याला जो आवाज नको झालाय, तोच रॅकेट. वीज कडाडली तर रॅकेट नाही. लता मंगेशकरांची गाणी मोठ्याने लावली तर ज्याने लावली त्याच्यासाठी संगीत, आणि खालच्या मजल्यावर परीक्षेला बसलेल्या पोरासाठी रॅकेट.

माझा रूम पार्टनर एका पथकात ताशा वाजवतो. जुलै लागला की नोकरीवरून सुटून थेट भिडे पुलाच्या बाजूला नदीपात्रात. रात्री परत यायचा तेव्हा बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या, कानात अजून तोच ठेका. जेवताना ताटाच्या कडेवर दोन बोटं चालूच असायची, टर्र-टक, टर्र-टक, आणि मेसवाल्या काकू ओरडायच्या, 'अरे पोळी खा आधी!' एकदा मी त्याच्यासोबत सरावाला गेलो होतो. तिथेच फोन आला, मी कानात बोट घालून म्हणालो, 'सॉरी अबाउट द रॅकेट.'

त्याने ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाला, "रॅकेट? आमचं पथक रॅकेट? अरे, पै-पैचा हिशोब लिहून ठेवतो आम्ही. उरलेल्या पैशातनं मागच्या वर्षी पोरांना वह्या वाटल्या."

मी समजावलं की भावा, तो अर्थ नाही, हा गोंगाटाचा आहे.

"मग गोंगाट म्हणालास?"

हे आणखी वाईट झालं. दोन दिवस बोलला नाही. बरोबर होतं त्याचं. मला 'ड्रमिंग' म्हणता आलं असतं, नुसतं 'द ड्रम्स' म्हणता आलं असतं. फारच मोठा आवाज सांगायचा तर 'इट्स लाउड हिअर' पुरे होतं. त्यात निवाडा नाही.

तेव्हा नियम असा. आवाज तुमच्याकडचा असेल आणि समोरच्याची माफी मागताय, तर 'सॉरी अबाउट द रॅकेट' चपखल बसतं, त्यात नम्रता येते. आवाज दुसऱ्याचा असेल आणि तो ऐकतोय, तर हा शब्द गिळा. भाचीचा वाढदिवस, लग्नाची वरात, कुणाचं भजन, इथे अजिबात नको.

6. शेजारपाजारच्या शब्दांची ओळख करून घ्या

एकट्या रॅकेटवर भागत नाही. इंग्रजीत आवाजाचे बरेच शब्द आहेत आणि प्रत्येकाचा पत्ता वेगळा. इंग्रजी व्याख्या पाठ करून मला एकही लक्षात राहिला नाही. पुण्यातली एकेक जागा आणि एकेक मराठी शब्द जोडला, तेव्हा राहिले.

*हबब.* रविवारी संध्याकाळी तुळशीबागेत शिरा. 'या ताई, बघा तर', 'दीडशेला दोन', कुणाचं पोर रडतंय, कुणी हरवलेल्या सासूला हाका मारतंय. शंभर जण बोलताहेत आणि एकाचंही वाक्य पूर्ण ऐकू येत नाही. हा हबब. मराठीत गजबज किंवा गलबला. यात माणसांचे आवाज लागतात, यंत्राचा हबब होत नाही. शब्द बहुधा आयर्लंडकडचा. यात राग नाही, म्हणून जत्रेला, बाजाराला बेलाशक वापरा.

*डिन.* संध्याकाळी साडेसहाला स्वारगेटच्या चौकात उभे राहा. हॉर्न, बसचे ब्रेक, रिक्षांची फटफट, सगळं मिळून एक जाड पडदा, आणि तो थांबतच नाही. याला डिन. आपला गोंगाट याच्या सर्वांत जवळ. 'अबव्ह द डिन' अशी जोडी नेहमी दिसेल: त्या गोंगाटातही ऐकू यावं म्हणून ओरडणं. डिन थोडा पुस्तकी आहे, लिहिताना शोभतो.

*रकस.* याला मराठीत हल्ली एकच शब्द, राडा. हॉटेलात बिलावरून बाचाबाची, खुर्ची उलटली, वेटर मधे पडला, सगळे मोबाइल काढून उभे. आवाज आहेच, पण भांडण मुख्य. शब्द अमेरिकन, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. इंग्लंडमध्ये त्याच जागी 'राउ' म्हणतील. आणि इथे मोठा सापळा आहे. लिहायला हा शब्द 'आर-ओ-डब्ल्यू', म्हणजे 'रांग'वाल्या 'रो'सारखाच. भांडण असेल तेव्हा उच्चार 'राउ', 'काउ'शी जुळणारा. बातमीत एखादं धरण, पूल किंवा पुतळा आणि पुढे 'रो' दिसलं तर ती रांग नाही, वाद आहे.

*अपरोर.* विधानसभेचं अधिवेशन. 'विरोधकांच्या गदारोळात विधेयक मंजूर'. गदारोळ म्हणजेच अपरोर. यात आवाजाइतकाच संताप असतो, आणि लोक पुष्कळ लागतात. घरातल्या दोन पोरांनी अपरोर होत नाही.

*क्लॅमर.* ओरड. 'पाण्यासाठी ओरड सुरू झाली' यातली. पुढे 'फॉर' येतं आणि मग काय मागताहेत ते येतं. मागणी नसेल तर क्लॅमर नको.

*हलाबलू.* उच्चारायला मजा येते म्हणून नवशिके हाच शब्द धरतात. अर्थ बोभाटा, गवगवा. एवढीशी गोष्ट आणि केवढी चर्चा, हा भाव. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी कुणाच्या जागेत स्कूटर लावली, त्यावर दीडशे मेसेज, हा हलाबलू.

*कमोशन.* रात्री खिडकीतून डोकावून 'काय गलका चाललाय खाली?' असं विचारतो ना, ते. धावपळ आणि आवाज दोन्ही, आणि कारण अजून माहीत नाही. कारण कळलं की दुसरा शब्द शोधायचा.

*बेडलम.* हा माझा आवडता. लंडनमध्ये 1247 साली स्थापन झालेलं बेथलेम नावाचं एक धर्मस्थान होतं, तिथे पुढे मनोरुग्णांचं रुग्णालय झालं. लोकांच्या तोंडी बेथलेमचं बेडलम झालं, आणि मग कुठल्याही बेबंद गोंधळाला बेडलम म्हणू लागले. पुणेकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. येरवड्याला मनोरुग्णालय आहे, त्यामुळे 'याला येरवड्याला पोचवा' म्हटलं की कुणी विमानतळाचा रस्ता दाखवत नाही. दोन शहरांनी एकच खोडी केली. दोन्हीकडे ती आजाऱ्यांच्या वाट्याला आली, म्हणून मी स्वतः दोन्ही टाळतो, पण अर्थ माहीत हवा.

उलट्या दिशेने जाताना, म्हणजे मराठीतून इंग्रजीत, आणखी एक खड्डा आहे. आपण आवाज दोनदा म्हणतो आणि 'आट' लावतो: खडखडाट, गडगडाट, कलकलाट, खणखणाट. सुटसुटीत यंत्र आहे. पण त्याच साच्यातून लखलखाट निघतो, तो उजेड. सुळसुळाट निघतो, तो उंदरांचा. आणि ठणठणाट निघतो, त्यात तर काहीच नसतं. आमच्यातल्या एकाने 'नळाला ठणठणाट आहे' याचं भाषांतर 'द टॅप इज मेकिंग अ रॅकेट' असं केलं होतं. घरमालक अमराठी. त्याने पाण्याच्या टँकरऐवजी प्लंबर पाठवला.

7. लेखी तक्रार असेल तर रॅकेट खिशात ठेवा

रॅकेट हा बोलण्यातला शब्द आहे. मित्राला मेसेज, फोन, गप्पा, तिथपर्यंत ठीक. परीक्षेचा निबंध, ऑफिसचा औपचारिक मेल, पोलिसांकडे अर्ज, इथे नको. भारतात तर मुळीच नको, कारण इथले इंग्रजी पेपरही तो बहुतेक वेळा लबाडीच्याच अर्थाने छापतात. 'देअर इज अ रॅकेट इन फ्लॅट नंबर सो अँड सो' असा अर्ज घेऊन चौकीत गेलात तर तुमचा शेजारी एका वेगळ्याच चौकशीत अडकेल.

तिथे 'नॉइज' लिहा. त्रास सांगायचा असेल तर 'डिस्टर्बन्स'. कायद्याच्या अंगाने जायचं असेल तर 'न्यूसन्स', त्याला मराठीत उपद्रव म्हणतात. शिवाय आकडे आणि वेळ लिहा, विशेषणं नको. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. त्यांत रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचा 100 मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो, तिथे दिवसा 50 आणि रात्री 40. सणांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत ध्वनिक्षेपकाला सवलत देऊ शकतं, तेव्हा आधी तारीख बघा, मग चिडा. तातडीचं असेल तर 112 लावा. तिथे मराठी चालतं, इंग्रजीची परीक्षा देत बसू नका.

अर्जाला लागेल ते एवढंच: तारीख, कधीपासून कधीपर्यंत आवाज होता, जागेचा पत्ता, आवाज कशाचा, आणि जमल्यास मोबाइलवरचं रेकॉर्डिंग. मोबाइलवरचा डेसिबलचा आकडा अंदाजापुरता धरा, पुरावा म्हणून त्यावर अडून बसू नका.

8. वही कशी भरायची

पहिल्या रकान्यात जागा आणि वेळ. दुसऱ्यात तिथे तुम्ही मराठीत जे म्हणाल ते वाक्य, कोशातलं नव्हे, तोंडातलं. तिसऱ्यात क्रियापद, जे इंग्रजीत लागेल. इंग्रजी नाम सगळ्यात शेवटी, चौथ्या रकान्यात. हा क्रम उलटा केलात की पुन्हा माझ्यासारखा मेल लिहाल.

रोज एकच नोंद करा. मंडईत सकाळी भाजी उतरताना, अभ्यासिकेत कुणाचा डबा खाली पडल्यावर, पीएमपीच्या बसमध्ये सुट्या पैशांवरून. पेपरात 'रॅकेट' दिसला की क्रियापदाखाली रेघ मारा. महिन्याभरात हात आपोआप तिथे जातो.

इंग्लंडच्या त्या बाईंचा पुढेही अधूनमधून फोन यायचा. एकदा आमच्या इमारतीच्या आवारात बोअरवेलची गाडी आली होती आणि काचा थरथरत होत्या. मी जरा ऐटीतच म्हणालो, 'सॉरी अबाउट द रॅकेट, मॅडम.' त्या म्हणाल्या, 'ओह डिअर. हॅव यू गॉन टु द पोलीस?'

माझी वही आता जवळजवळ भरली आहे. मार्चमधल्या एका पानावर मात्र चौथा रकाना अजून कोराच आहे. होळीची रात्र, गल्लीतली पोरं, तोंडावर उलटा हात मारून मारलेली बोंब. 'शाउट' लिहून पाहिलं, खोडलं. 'हाउल' लिहिलं, तेही खोडलं. तळहाताने खेळायच्या खेळाला नाव मिळालं, पण उलट्या हाताने काढायच्या आवाजाला इंग्रजीत अजून मला सापडलेलं नाही.